फर्नेसचा पंखा म्हणजे पाण्याविना कूलर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत २,१०० चौरस फुटांचं दोन मजली घर, १९९०च्या दशकातलं. बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस, म्हणजे हिवाळ्यात घर गरम करणारी भट्टी, आणि तिच्या डोक्यावर सेंट्रल एसीची कॉइल. दोन्हींची हवा घरभर ढकलतो तो फर्नेसमधला एकच पंखा. मेच्या शेवटी साताऱ्याहून आई-बाबा आले. बाबांना एसी सोसत नाही, गुडघे धरतात. शेजाऱ्याने सुचवलं, बेसमेंट आयतंच गार असतं, एसी बंद ठेवा आणि थर्मोस्टॅटवर पंखा 'ऑन' करून टाका, खालची गार हवा वर येईल, पंख्याला अशी कितीशी वीज लागते! जूनभर तसं केलं. वरचा मजला तापायचा तो तापलाच. एसी एकदाही लावला नाही, तरी मेपेक्षा जूनच्या बिलात ३५० युनिट जास्त आले. पंखा एवढी वीज खातो का, की मीटर बिघडलाय?

मीटर ठीक आहे. पंखाच खातो. तुमच्या आकड्यावरून तो किती वॅटचा आहे हे घरी न येताही सांगता येतं: जवळपास ५००.

इथल्या बिलावरचा किलोवॅट-अवर म्हणजे आपलं युनिटच. ५०० वॅटचं काहीही दोन तास चाललं की एक युनिट. दिवसाचे १२, तीस दिवसांचे ३६०. तुम्ही ३५० म्हणता, दहाचं मागेपुढे होणारच. दर काय धरायचा, हा पुढचा प्रश्न. बिलावर पुरवठ्याचा दर वेगळा, वहनाचा वेगळा, वर चार किरकोळ आकार, त्या जंगलात शिरूच नका. बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, आला तो तुमचा दर. मी इथे २० सेंट धरतो, म्हणजे महिन्याला ७२ डॉलर. अमेरिकेची घरगुती सरासरी २०२४ मध्ये साधारण साडेसोळा सेंट होती, कॅलिफोर्नियात ती ३०च्या वर आणि हवाईत ४०च्या वर. म्हणजे हाच पंखा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या एखाद्या मावसभावाला महिन्याला शंभराच्या वर पडला असता.

घात केलाय तो 'पंखा' या शब्दाने. आपल्या डोक्यात पंखा म्हटलं की छताला टांगलेला, सत्तर-पंचाहत्तर वॅटचा, रात्रभर फिरला तरी बिलात दिसत नाही असा. फर्नेसमधला ब्लोअर त्या जातीचा नाही. तीन टनांच्या एसीसाठी त्याला दर मिनिटाला साधारण १,२०० घनफूट हवा ढकलावी लागते, आणि तीही मोकळ्या खोलीत नव्हे. आधी फिल्टर, मग फर्नेसचं हीट एक्स्चेंजर, मग एसीच्या कॉइलचे दाट पत्रे, त्यापुढे घरभर फिरलेले डक्ट, म्हणजे हवेच्या नळ्या, आणि शेवटी जाळ्या. या सगळ्यांतून हवा रेटायची तर अर्धा अश्वशक्तीची मोटर लागते. जुन्या पद्धतीची असेल तर ती ४०० ते ६०० वॅट घेते.

आता हे एसीशी ताडून बघा. तुमच्या आकाराच्या घराला बहुतेक तीन टनांचाच एसी असतो. चालू असताना तो ब्लोअर धरून तीन किलोवॅटच्या आसपास घेतो. पंख्याने दिवसभरात जे १२ युनिट खाल्ले, तेवढ्यात तोच एसी चार तास चालला असता. आणि न्यू जर्सीच्या जूनमध्ये पुष्कळ दिवस असे असतात की दिवसाकाठी चार तास एसी चालला तरी घर झकास राहतं. म्हणजे तुम्ही पैसे जवळजवळ एसीचे भरले आणि गारवा मात्र घेतला नाही.

मी मूळचा अकोल्याचा. कॉलेजच्या सुट्ट्यांत मामाच्या दुकानात कूलरला वाळ्याच्या ताट्या ठोकायचो, तिथूनच घरं गार-गरम ठेवण्याच्या या धंद्याची बाराखडी शिकलो. एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाईक भांडतच यायचं, "कूलर गरम हवा फेकतोय!" मामा काही न बोलता आधी टाकीत हात घालायचे. दहातल्या सहा वेळा टाकी कोरडी. पंखा धाडधाड चालू आणि खोलीत शिरतेय ती बाहेरची झळ. कूलरमधला गारवा पाण्याच्या वाफ होण्यातून येतो, पंखा फक्त तो उचलून आणतो. फर्नेसच्या पंख्याचंही तेच. एसीचा कंप्रेसर बंद, म्हणजे टाकी कोरडी.

कोरड्या टाकीपेक्षाही थोडं वाईटच. ही मोटर हवेच्या वाटेतच बसलेली असते. तिने घेतलेली वीज थोडी मोटरच्या तापण्यात जाते आणि थोडी हवा घासण्यात. दोन्हींची शेवटी उष्णताच होते आणि ती तुमच्या घरातच उरते. ५०० वॅट म्हणजे तासाला १,७०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक). १,२०० घनफुटांच्या प्रवाहाला ती वाटून दिली तर जाळीतून बाहेर पडणारी हवा आत गेलेल्या हवेपेक्षा सव्वा अंश फॅरनहाइटने गरम निघते. बाबांच्या खोलीतल्या जाळीवर हात धरला तर गार वाटेल, कारण हात थोडा ओला असतो आणि वारा लागतो. थर्मामीटर धरा, मग कळेल.

पण बेसमेंट तर खरोखर गार आहे ना, मग तो गारवा का वर आला नाही? हा प्रश्न मला दर उन्हाळ्यात येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा बेसमेंट १,००० चौरस फूट आहे आणि उंची आठ फूट. आत ८,००० घनफूट हवा. ऐकायला पुष्कळ वाटते, पण तिचं वजन जेमतेम ६०० पौंड. ही हवा वरच्यापेक्षा दहा अंश फॅरनहाइटने गार असेल, तर तिच्यात साठलेला सगळा गारवा मिळून होतो साधारण १,४५० बीटीयू. आणि वर काय लिहिलं? मोटर तासाला १,७०० बीटीयू उष्णता घालते. म्हणजे बेसमेंटच्या हवेत साठलेला सगळा गारवा तुमची मोटर पहिल्या तासाच्या आतच फस्त करते. तोवर वरच्या खोल्यांना काय मिळालं? ढवळलेली हवा.

काँक्रीट मात्र हवेपेक्षा फार श्रीमंत आहे. चार इंच जाडीची तेवढीच फरशी एका अंशाने तापवायला नऊ-दहा हजार बीटीयू लागतात. म्हणून पहिले एक-दोन दिवस फरक जाणवतो, लोक खूश होतात आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटतात. पण काँक्रीटमधला गारवा हवेत उतरतो तो फार सावकाश. त्यावर कार्पेट असलं की आणखीच सावकाश. आणि आपल्या लोकांच्या बेसमेंटमध्ये कार्पेट असतंच, शिवाय सोफा, होम थिएटर आणि गणपतीच्या मखराचे खोके. आठवडाभरात बेसमेंट पाच-सहा अंशांनी वर सरकतं आणि भांडवल संपतं. शिवाय तुमच्या फर्नेसला परतीची हवा कुठून मिळते ते बघा. बहुतेक घरांत परतीच्या जाळ्या वरच्या दोन मजल्यांवरच असतात आणि बेसमेंटमध्ये एकही नसते. मग खालची हवा त्या चक्रात शिरतच नाही, शिरते ती डक्टच्या फटींमधून जेवढी ओढली जाईल तेवढीच. वरची गरम हवा वरच गरागरा फिरत राहते.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगून टाकतो, कारण ही 'युक्ती' मी दोन घरांत प्रत्यक्ष पाहिली आहे. बेसमेंटची हवा ओढली जावी म्हणून फर्नेसच्या ब्लोअरचं दार काढून ठेवायचं, दार काढल्यावर मोटर बंद करणारा जो छोटा खटका असतो त्यावर चिकटपट्टी मारायची आणि पंखा चालवायचा. हे कृपा करून करू नका. शेजारीच गॅसचा वॉटर हीटर उभा असतो. जुन्या प्रकारचा असेल तर त्याचा धूर निव्वळ गरम असल्याच्या जोरावर चिमणीतून वर जातो. ब्लोअर त्या खोलीतली हवा जोरात ओढायला लागला की तो धूर उलटा खोलीत येतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. परतीची जाळी अशा उपकरणाच्या दहा फुटांच्या आत नको, असा नियम आहे तो काही उगाच नाही. त्या दोनपैकी एका घरात पोटमाळ्यासारख्या खोलीत आजी झोपायच्या आणि रोज सकाळी डोकं धरून बसायच्या. सगळे म्हणत होते, उन्हाने होतंय.

दमटपणाचं दुखणं तर याहून जास्त घरांत आहे. जुलैत आपल्या भागात हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते, ७० अंश फॅरनहाइटला टेकतो. बेसमेंटच्या भिंती-फरशी ६५च्या आसपास. वरची दमट हवा खाली नेऊन त्या भिंतींवर घासली, तर थंड पाण्याच्या तांब्याबाहेर जसे थेंब जमतात तसंच होतं, फक्त ते दिसत नाही, कारण कार्पेटखाली आणि भिंतीच्या प्लायमागे होतं. दिसतं नंतर, वासाने.

आणि हा पंखा एसीबरोबर 'ऑन' ठेवला तर? पुष्कळ लोक तेच करतात, हवा फिरती राहावी म्हणून. माझ्या पहिल्या स्वतःच्या घरात मीही केलं, आणि धंदा माझा हाच! जुलै होता. आठवड्याभरात बायको म्हणाली, पापड मऊ पडलेत. मग पोहे लवचिक झाले, मिठाची बरणी खरवडावी लागायला लागली. तापमान थर्मोस्टॅटवर ७५, अगदी हवं तितकं, आणि तरी अंग चिकचिकत होतं. आर्द्रतामापक आणून ठेवला तर ६४ टक्के. एसी बिघडला म्हणून मी दोन संध्याकाळी गॅसचा दाब तपासत बसलो. बिघडलं काही नव्हतं.

होतं ते असं. एसी चालू असताना कॉइलवर हवेतलं पाणी जमतं. तीन टनांच्या कॉइलच्या पत्र्यांवर कोणत्याही क्षणी जवळजवळ लिटरभर पाणी लटकलेलं असतं, त्याहून जास्त झालं की ते खालच्या तबकात गळून नळीतून बाहेर जातं. कंप्रेसर थांबला आणि पंखाही थांबला, तर ते पाणी निवांत निथळतं. कंप्रेसर थांबला पण पंखा चालूच राहिला, तर तेच पाणी हवेत परत उडतं. ओल्या कॉइलवरून वारा घालणं म्हणजे दुसरं काय, कूलरच की! फक्त इथे कूलर नको असताना. फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरने २००६ मध्ये यावर मोजमापं करून दाखवलं की एसी थोडा-थोडा वेळ चालत असेल आणि पंखा अखंड, तर हवा कोरडी करण्याचं त्याचं काम जवळजवळ शून्यावर येतं. मी 'ऑन'चं 'ऑटो' केलं, म्हणजे पंखा फक्त कंप्रेसरबरोबरच चालतो. चार दिवसांत आर्द्रता ५२वर आली, पापड पुन्हा वाजायला लागले.

ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखात हे गणित उलट आहे. तिथे कॉइलवरचं पाणी हवेत परत गेलं तर उलट बरं, म्हणून कंप्रेसर थांबल्यावर दोन-तीन मिनिटं पंखा चालू ठेवतात. फीनिक्सच्या माणसाचा सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनला लावू नका. पण तिथे आणि टेक्ससमध्ये दुसरंच एक दुखणं असतं, डक्ट बहुतेक माळ्यावरून जातात. दुपारी तो माळा १२० ते १४० अंशांवर असतो. तिथे नुसता पंखा चालवणं म्हणजे घरातली हवा तव्यावरून फिरवून आणणं.

आता मोटरकडे येऊ, कारण '५०० वॅट' हा आकडा सगळ्यांच्या घरी लागू नाही, आणि त्यामुळेच तुमचा शेजारी खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याची फर्नेस नवी असेल. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा फर्नेसच्या पंख्यांबद्दलचा नियम ३ जुलै २०१९पासून लागू झाला आणि त्यानंतर बनलेल्या बहुतेक फर्नेसमध्ये इलेक्ट्रॉनिक मोटर येते, धंद्यातले लोक तिला ईसीएम म्हणतात. आपल्याकडे छताच्या पंख्यांत बीएलडीसी आले, त्याच घराण्यातली. ही मोटर खरोखर हळू फिरू शकते. आणि पंख्याचा वेग अर्धा केला की वीज अर्धी नाही, जवळजवळ आठवा हिस्सा लागते. म्हणून अखंड फिरण्याच्या मंद वेगावर ती ६० ते १२० वॅटमध्ये भागवते. ८० धरले तर महिन्याचे ५८ युनिट, म्हणजे साडेअकरा डॉलर. शेजाऱ्याचे साडेअकरा आणि तुमचे ७२, सल्ला एकच. जुन्या मोटरलाही मंद वेगाची तार असते, पण ती जोडून फार काही हाती लागत नाही, ५००चे ३५०-४०० होतात, इतकंच.

तुमच्याकडे कोणती आहे ते बघायला पाच मिनिटं लागतात. फर्नेसच्या बाजूचा, दिव्याच्या बटणासारखा दिसणारा स्विच बंद करा, पॅनेलमधला ब्रेकरही पाडा, मग खालचं दार काढा. पिंजऱ्यासारख्या गोल चाकात मोटर दिसेल. तिच्या जवळ लंबगोल चकचकीत डबीसारखा कपॅसिटर आणि मोटरमधून निघणाऱ्या काळ्या, निळ्या, लाल अशा सुट्या तारा असतील, तर जुनी. कपॅसिटर नाही, मोटरचं बूड लांबट आणि त्यात एक जाड प्लॅस्टिकचा प्लग खोचलेला असेल, तर ईसीएम. तुमच्या बिलावरून मी कपॅसिटरवर पैज लावतो.

वॅट नेमके मोजायचे असतील तर भिंतीत खोचायचं साधं मापक इथे कामाचं नाही, कारण फर्नेसची तार थेट जोडलेली असते. काही जण क्लॅम्प मीटरने अँपिअर बघतात आणि १२०ने गुणतात. जुन्या मोटरला ते बऱ्यापैकी जमतं, ईसीएमला सपशेल चुकतं, कारण तिचा पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खऱ्या वॅटचा हिस्सा, ०.६च्या आसपास असतो आणि उत्तर दीडपटीहून जास्त येतं. मीटर फिरत्या चकतीचा असेल तर सोनं! त्यावर बहुधा 'केएच ७.२' असं लिहिलेलं असतं, म्हणजे चकतीच्या एका फेऱ्याला ७.२ वॅट-तास. रात्री सगळं बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. काळी खूण फिरून परत समोर यायला ५२ सेकंद लागली की ५०० वॅट. स्मार्ट मीटर असेल तर त्याहून सोपं. वीज कंपनीच्या संकेतस्थळावर ताशी वापर दिसतो. एका रात्री पंखा 'ऑन', दुसऱ्या रात्री 'ऑटो', दोन्ही रात्री एसी बंद. १ ते ४मधला फरक बघा.

नवी मोटर असणाऱ्यांनाही एक सांगतो. ईसीएम मोटर, विशेषतः ठरलेली हवा देणारी, हट्टी असते. फिल्टर तुंबला की जुनी मोटर हार मानते, हवाही कमी देते आणि वीजही कमी घेते. हट्टी मोटर मात्र ठरलेली हवा देणारच म्हणून जास्त जोर लावते आणि वीज वाढत जाते. आपल्या घरात रोज दोन फोडण्या, रविवारी तळण. एक इंचाचा दाट मर्व्ह १३ फिल्टर (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचा दर्जा) इथे तीन महिने चालत नाही, तो बदलायला झाला की नाही हे काळेपणावरून नव्हे, तेलकटपणावरून ओळखा. बोटाला चिकट लागला की संपला.

मग जुनी मोटर काढून ईसीएम बसवावी का? मजुरीसकट काही शे डॉलर जातात. पंखा अखंड चालवणार असाल तरच ते वसूल होतात, आणि मी तर तुम्हाला पंखा अखंड चालवूच नका असं सांगतोय. तेव्हा मोटर आहे तशी राहू दे. पुढे कधी फर्नेसच बदलाल तेव्हा आपोआप येईल.

नुसता पंखा मी स्वतः कधी लावतो, तेही सांगतो. ७ जून २०२३ला कॅनडाच्या वणव्यांचा धूर आला आणि दुपारी आकाश नारिंगी झालं, तेव्हा खिडक्या लावून, नवा मर्व्ह १३ घालून दोन दिवस अखंड चालवला. तिथे ७२ डॉलरच्या हिशेबाने दोन दिवसांचे जे पाच डॉलर गेले ते फुप्फुसांच्या खात्यात. दुसरं, मे किंवा सप्टेंबरमध्ये संध्याकाळी वरचा मजला तापलेला आणि खालचा गार असतो, तेव्हा तास-दोन तास. तेही तासातली २० मिनिटं. बऱ्याच थर्मोस्टॅटवर ही सोय असते. हनीवेलच्या 'सर्क्युलेट'वर पंखा साधारण ३५ टक्के वेळ चालतो, इकोबीवर मिनिटं आपण ठरवतो. बस, इतकंच.

तुमच्या बाबांसाठी मात्र मी वेगळंच करीन. त्यांना गार हवा नको आहे, वारा हवा आहे, आणि फर्नेसचा पंखा वारा देत नाही. इथल्या जाळ्या खिडकीखाली जमिनीत असतात, हवा भिंतीलगत वर चढावी म्हणून. खोलीच्या मधोमध बसलेल्या माणसाच्या अंगाला ती लागतच नाही. त्यांच्या खोलीत छताचा पंखा बसवा. ६० वॅटचा जुना धरला आणि रोज दहा तास चालवला तरी महिन्याचे १८ युनिट, साडेतीन डॉलर. छताच्या पंख्याखाली बसल्यावर थर्मोस्टॅट चार अंशांनी वर ठेवला तरी तितकंच बरं वाटतं. म्हणून एसी बंद करण्याऐवजी ७८-७९वर ठेवा, 'ऑटो'वर. त्यांच्या खोलीतल्या जाळीची पट्टी निम्मी लावून घ्या, म्हणजे गार झोत गुडघ्यावर येणार नाही. एसी अधूनमधून चालेल, हवा कोरडी करील, आणि कोरड्या ७८मध्ये माणूस दमट ७४पेक्षा सुखी असतो. (हे बाबांना पटवायला साताऱ्याचा आणि कोकणातला मे आठवायला सांगा, लगेच पटेल.)

रात्रीचं काम खिडक्यांकडे द्या. बाहेर ६५च्या खाली आलं आणि हवा कोरडी असली, की वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीत साधा चौकोनी पंखा तोंड बाहेर करून लावा आणि खालच्या, सावलीच्या बाजूच्या दोन खिडक्या उघडा. वरची गरम हवा बाहेर, खालून गार हवा आत. त्या पंख्याला शंभर वॅटही लागत नाहीत, आणि तो खरंच बाहेरची हवा आत आणतो. फर्नेसचा पंखा तीच ती घरातली हवा फिरवत बसतो. सकाळी आठला सगळं बंद, पडदे ओढलेले. बाबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. दुपारी दारं-खिडक्या लावून अंधार करायचा आणि दिवेलागणीनंतर उघडायच्या, यातच त्यांचं बालपण गेलं असणार. मात्र दमट रात्री हे करू नका. बाहेर ६८ अंश असले तरी ती हवा ओलं फडकं असते.

वरचा मजला तापतो त्याचं मूळ दुखणं बहुधा वेगळंच आहे. बेसमेंटच्या छताला लागून जाणाऱ्या गोल डक्टवर छोटे लोखंडी कान दिसतील, ते आतल्या झडपांचे. कान डक्टला समांतर असेल तर झडप उघडी, आडवा असेल तर बंद. हिवाळ्यात खालचा मजला उबदार राहावा म्हणून कुणीतरी वरच्या मजल्याच्या झडपा अर्ध्या लावलेल्या असतात आणि त्या तशाच वर्षानुवर्षं राहतात. उन्हाळ्यात वरच्या पूर्ण उघडा, खालच्या निम्म्या करा. कोणती झडप कोणत्या खोलीची हे मार्करने डक्टवरच लिहून ठेवा, नोव्हेंबरमध्ये उलट करताना उपयोगी पडेल. खालच्या सगळ्याच गच्च लावू नका, कॉइलवर बर्फ धरेल. मी गेल्या वर्षी पाहिलेल्या तापलेल्या मजल्यांपैकी निम्मे तरी एवढ्यानेच सुधारले. उरलेल्यांत माळ्याचं झाकण नुसतं पातळ फळी होतं.

आज रात्री 'ऑटो' करा आणि आठ दिवसांनी ताशी आलेख काढून बघा. रात्री १ ते ४मधली रेषा अर्ध्या युनिटाने खाली आलेली दिसली पाहिजे. नाही आली, तर बेसमेंटमधला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, तपासा. तो ४०-५० टक्के आर्द्रतेवर लावलेला असेल आणि वरून दमट हवा येतच राहिली असेल, तर तोही महिनाभर न थांबता चाललेला असू शकतो, आणि त्याचेही वॅट ब्लोअरच्याच आसपास असतात.